टुकूच्या हातातला शांखा

"झोपता कुठल्या कुशीवर?"

"उजव्या."

"पाय पांघरुणाच्या आत असतात की बाहेर?"

अनादी नंदींनी जरा विचार केला. बासष्ट वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. बायकोला विचारलं असतं तर तिने झोपेतून उठून उत्तर दिलं असतं, पण ती जाऊन पंचवीस वर्षं झाली होती आणि तेव्हापासून पायांकडे बघणारं घरात कोणी नव्हतं.

"बाहेर असावेत," ते म्हणाले. "सकाळी गार लागतात."

भादुडी डॉक्टरांनी ते वहीत लिहून घेतलं. बंगालातल्या विष्णुपूरच्या बाजारामागच्या गल्लीत चाळीस वर्षं त्यांचा होमिओपॅथीचा दवाखाना होता. आखूड धोतर, जाड चष्मा आणि स्वभाव असा, की रोगी जास्त बोलला तरी चिडायचे आणि कमी बोलला तरी चिडायचे. शिष्टपणे 'मला सोरायसिस आहे, औषध द्या' म्हणणाऱ्याला ते सरळ दार दाखवत. रोगाला औषध नसतं, माणसाला असतं, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यामुळे मीठ किती लागतं, तहान किती लागते, पाऊस यायच्या आधी दुखतं की आल्यावर, स्वप्नात काय दिसतं, असं सगळं दीड तास चाललं होतं.

"दुःखात कुणी समजूत घातली तर बरं वाटतं की राग येतो?"

"समजूत घालायला कुणी आलंच नाही, डाक्टरबाबू. कळणार कसं?"

डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं, मग तेही लिहून घेतलं.

अनादीबाबूंच्या कोपरांवर, गुडघ्यांवर, केसांच्या कडेने आणि दोन्ही हातांच्या पाठीवर लाल चट्टे होते. त्यांवर पांढरे पापुद्रे धरत आणि बसल्या जागी कोंड्यासारखे गळत. नखांवर टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे पडले होते. वर्षभरात त्यात सांध्यांची भर पडली. सकाळी उठलं की बोटं तासभर आखडलेली, आणि डाव्या हाताचं मधलं बोट तर बुडापासून टोकापर्यंत सुजून लाकडासारखं झालेलं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. अनादीबाबूंना मूठ झाकताच येत नव्हती.

"आता शेवटचं," डॉक्टर म्हणाले. "पहिला चट्टा उठला त्याच्या आधी काय घडलं होतं? कुणी गेलं? धक्का बसला? भांडण?"

"काही नाही," अनादीबाबू म्हणाले. "थंडीचे दिवस होते. थंडीनेच उठला असेल."

दीड तासात तेवढी एकच थाप त्यांनी मारली.

अनादीबाबू शांखारी होते. शंख कापून, घासून, नक्षी काढून त्याच्या पांढऱ्या बांगड्या करायच्या, म्हणजे शांखा करायचा, आणि तो सवाष्णीच्या हातात भरायचा, हा त्यांच्या आळीचा पिढीजात धंदा. करणारे पुष्कळ असतात, भरणारे थोडे. शंखाला ताणणं ठाऊक नाही. हात मोठा आणि शांखा लहान असला तर हाताचीच समजूत काढावी लागते. अनादीबाबू साबणाच्या पाण्यात हात बुडवून घेत, अंगठा तळव्यात दुमडत, बोटांच्या मुळाशी हाडं हळूच एकमेकांवर सरकवत, आणि तोंडाने मात्र भलतंच विचारत. माहेर कुठलं? तिथे अजून जत्रा भरते का? बाई माहेराबद्दल बोलायला लागली की हात आपोआप सैल सुटतो, आणि त्या क्षणी एक वळसा. तीस वर्षांत त्यांच्या हातून एकही शांखा वाढला नाही. फुटला असं त्या आळीत कोणी म्हणत नाही, वाढला म्हणतात.

अशा माणसाच्या हातांनाच हे व्हावं, याला काय म्हणायचं? आश्विनात दुर्गापूजेच्या आधी बायका नवा शांखा घ्यायला रांगा लावतात. त्या वर्षी गांगुलींच्या सूनबाई आल्या, त्यांनी अनादीबाबूंची जोडी पसंत केली, आणि भरायची वेळ आली तेव्हा पदराच्या टोकाशी चाळा करत म्हणाल्या, "काका, तुम्ही नुसती बांधून द्या. तुम्हाला बोटं दुखतात ना? भरून मी समोरून घेते."

समोर फटिक दत्तांचं दुकान. सूनबाईंनी अनादीबाबूंचा शांखा फटिककडून भरून घेतला, अनादीबाबूंच्या डोळ्यांदेखत. बोटं दुखत होती हे खरं, पण सूनबाई कशाला शहारल्या होत्या ते न कळण्याइतके अनादीबाबू भोळे नव्हते.

"अनादीदा," दुपारी फटिक मुडीचा, म्हणजे कुरमुऱ्यांचा, वाडगा घेऊन आला, "चेहरा पाडू नका. उद्यापासून तुम्ही करा, मी भरतो. राम-लक्ष्मणाची जोडी."

"लक्ष्मण चौदा वर्षं जेवला नाही म्हणतात. आधी तो वाडगा खाली ठेव."

फटिक हसला, वाडगा दोघांच्या मधे ठेवला. पण अनादीबाबूंनी घास घेतल्यावर त्याने मात्र पुन्हा त्यात हात घातला नाही. ते पाहून न पाहिल्यासारखं करणं अनादीबाबूंना आता जमू लागलं होतं.

एवढ्यावर ते डॉक्टरकडे गेले नसते. कारण दुसरं होतं. त्यांची एकुलती लेक सुतपा, घरातली टुकू, दुर्गापूरच्या शाळेत शिकवत होती. पूजेनंतरच्या रविवारी तिचा फोन आला. एरवी तिचे फोन तीन वाक्यांचे असत. जेवलात का, औषध घेता का, ठेवते. त्या दिवशी चौथं वाक्य आलं.

"बाबा, मी लग्न करतेय. फाल्गुनात. किंशुक म्हणून आहेत, शाळेतलेच. भटजी वगैरे काही नाही, नुसती सही. झालं की दोघं येऊ तुमच्याकडे."

टुकू चार वर्षांपूर्वी विधवा झाली होती. अनादीबाबू "बरं," एवढंच म्हणाले. फोन ठेवल्यावर मात्र ते कपाटातले शंख काढून एकेक उजेडात धरून बघत बसले. शांखारीच्या लेकीच्या हातात शांखा भरायचा तो बापानेच. फाल्गुनाला चार महिने होते. चार महिन्यांत हे हात तिच्यासमोर धरण्याजोगे व्हायला हवेत, आणि मूठ मिटायला हवी. बाकी आयुष्यात त्यांना आता काही नको होतं.

आणि डॉक्टरांना मारलेली ती थाप?

टुकूच्या पहिल्या लग्नासाठी अनादीबाबूंनी सहा वर्षं एक शंख राखून ठेवला होता. दुधावर साय धरावी तसा त्याचा रंग. लग्न चार दिवसांवर आलं तेव्हा तो कापला, आणि शेवटच्या कड्यात किडीचं भोक निघालं. समुद्रातली कीड शंख पोखरते, त्यात नवल काही नाही. पण किडका शांखा नवरीला घालायचा नाही, हा आळीचा नियम लहान पोराला सुद्धा ठाऊक. जोडी एकाच शंखाची लागते, आणि तसा दुसरा शंख घरात नव्हता. अनादीबाबूंनी लाखेत शंखाची पूड कालवली, भोक बुजवलं, आणि असं घासलं की नंतर त्यांच्याच अंगठ्याला ते सापडेना. तो शांखा त्यांनी लेकीच्या डाव्या हातात भरला. चौदा महिन्यांनी जावई नीलाद्रीला वाळूच्या ट्रकने उडवलं.

घाटावर बायकांनी टुकूला मधे घेऊन दगडाने शांखा फोडला, तेव्हा अनादीबाबू लांब पिंपळाखाली उभे होते. जवळ जायचं धाडस झालं नाही. पुढच्या महिन्यात कोपरावर पहिला चट्टा उठला. लेकीच्या जवळ जाऊन बसायची हिंमत त्यानंतर त्यांना कधीच झाली नाही. तीही पूजेला एक दिवस येई, भांडी घासून, डाळ रांधून, संध्याकाळच्या बसने परत जाई. माझे हात बघून तिला शिसारी येत असेल, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. आणि शिसारी आली नाही तरी तिला हात लावायचा हक्क आपल्याला उरला नाही, असंही.

डॉक्टरांनी पुड्या दिल्या, साबुदाण्यासारख्या गोळ्यांची बाटली दिली. कच्चा कांदा बंद, कापूर बंद, कॉफी बंद. दुकानातून आणून लावत होते ते मलम तर आजपासून बंद. मलमाने रोग आत ढकलला जातो, डॉक्टर म्हणाले. तो बाहेर यायला हवा.

बाहेर आला, आणि असा आला की विचारू नका. तीन आठवड्यांत पाठ आणि पोटऱ्याही भरल्या. अनादीबाबू घाबरून धावले तर डॉक्टरांनी चट्टे पाहून टाळी वाजवली.

"उत्तम! औषधाने पकडलंय. आधी वाढतं, मग उतरतं."

फटिकला हे कळलं तेव्हा तो म्हणाला, "अनादीदा, रोग बाहेर पडतोय ते ठीक. पण तो असाच पडत राहिला तर तुम्हाला बाहेर पडता येणार नाही."

फटिक चावट होता, पण खोटं बोलत नव्हता. अनादीबाबूंनी अर्ध्या बाह्यांचे सदरे घालणं सोडलं. मग दुकानाच्या ओट्यावर बसणं सोडलं. पडद्यामागे बसून ते शंख घासत, घासता येईल तेवढा. माणसांत जायचा एकच दिवस उरला, तो बुधवार, भादुडी डॉक्टरांचा. तिथे त्यांना कुणीतरी विचारत असे की आठवडा कसा गेला, स्वप्न काय पडलं, डाळ पचली का. पुढे पुढे तर ते आठवडाभर सांगायला काहीबाही जमवून ठेवू लागले. आजार हत्तीच्या पावलांनी येतो आणि मुंगीच्या पावलांनी जातो म्हणतात, पण त्यांची मुंगी अजून निघालीच नव्हती, आणि खरं सांगायचं तर बुधवार होता म्हणून त्यांना तिची फारशी घाईही वाटेनाशी झाली होती.

पौषात डॉक्टरांनी त्यांची बोटं हातात घेतली. डॉक्टर उघड्या हाताने धरत, अगदी सहज, आणि अनादीबाबूंना दर वेळी त्याने भरून येई. त्या दिवशी डॉक्टरांनी मधलं बोट वाकवून पाहिलं. ते वाकेना. करंगळीचं टोकही आता सुजलं होतं. डॉक्टरांचं हसू गेलं.

"तीन औषधं बदलली. एकाचाही गुण नाही." त्यांनी वही पुढे ओढली, पहिलं पान काढलं. "अनादीबाबू, माणूस थंडीने शिंकतो. थंडीने असे चट्टे उठत नाहीत. काय घडलं होतं?"

अनादीबाबू एका दमात सगळं बोलून मोकळे झाले. शंख, कीड, लाख, ट्रक, घाट. आवाज चढला नाही, उतरला नाही. फक्त शेवटी म्हणाले, "लेकीचं कुंकू मी लाखेने बुजवलं, डाक्टरबाबू."

डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं.

"त्या भोकातून मरण आत शिरलं, असं वाटतं तुम्हाला?"

"वाटतं."

डॉक्टर हसले नाहीत, उपदेशही केला नाही. "लेकीला सांगितलंत?"

"तिला काय तोंडाने सांगू?"

"मग ऐका. हे पहिल्या दिवशी बोलला असतात तर मी निराळं औषध दिलं असतं. ते लागू पडलं असतंच असं मात्र छातीवर हात ठेवून सांगणार नाही. वाढतंय म्हणून टाळ्या वाजवल्या, ती माझी चूक. कातडी माझी वाट बघत थांबेल, सांधे थांबणार नाहीत. एकदा हाडं खाल्ली गेली की ब्रह्मदेव आला तरी बोट सरळ व्हायचं नाही. चिठ्ठी देतो. उद्या बांकुड्याच्या मोठ्या दवाखान्यात जायचं."

"म्हणजे आता इथे यायचं नाही?"

"यायचं की! बुधवारी मी काय माशा मारत बसू?" डॉक्टर खेकसले, आणि चिठ्ठी लिहिताना त्यांची मान जरा जास्तच खाली होती.

बांकुड्याला एका तरुण डॉक्टरीणबाईंनी पाच मिनिटांत नखं पाहिली, सांधे दाबले, रक्त तपासायला दिलं. कातडीचा आणि सांध्यांचा आजार एकच आहे, म्हणाल्या. संसर्गजन्य मुळीच नाही. आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी दिली, रोज घेतली तर जिवावर बेतेल म्हणून तीनदा बजावलं, आणि इतके दिवस कुठे होतात म्हणून रागावल्या. कुठल्या कुशीवर झोपता हे काही विचारलं नाही. बसमधून परतताना अनादीबाबूंना त्याचंच वाईट वाटत राहिलं.

पण गोळीने काम केलं. माघ सरता सरता सकाळची आखड अर्ध्या तासावर आली. मधलं बोट पूर्ण नाही पण बरंचसं वाकू लागलं. चट्टे फिके झाले, गेले नाहीत. अनादीबाबूंनी शंख निवडला. पाण्यात बुडवून पाहिला, कानाशी लावून वाजवून पाहिला, दिव्यावर धरून आतून पाहिला, आणि तीनदा पाहून झाल्यावर फटिकलाही बोलावून दाखवला.

"निर्मळ आहे," फटिक म्हणाला. "तुमच्या डोळ्यांना काय झालं, अनादीदा?"

"माझ्या डोळ्यांवर माझा विश्वास नाही."

आठ दिवसांचं काम त्यांनी महिनाभर पुरवलं. कानस धरली की दहा मिनिटांत बोटं ठणकत. मग हात कोमट पाण्यात ठेवायचा आणि पुन्हा धरायची. सगळं आवरून ते एकटेच मूठ मिटायचा सराव करत. फाल्गुनात टुकू आणि किंशुक यायचे त्या शनिवारी मूठ मिटली.

दोघं दुपारी आले. किंशुक उंच, थोडा वाकलेला, कमी बोलणारा माणूस. पाया पडला, आणि बापलेकींना बोलू द्यावं एवढं शहाणपण त्याच्यापाशी होतं. समोर फटिककडे चहा घ्यायला निघून गेला. टुकू सोप्यात चटईवर बसली. साधी सुती साडी, भांगात कुंकवाची बारीक रेघ, मनगटावर घड्याळ. बाकी हात मोकळे. अनादीबाबूंनी ते आल्याआल्या पाहिलं होतं आणि त्यांना बरं वाटलं होतं. आपल्यासाठीच मोकळे ठेवलेत.

त्यांनी परातीत साबणाचं पाणी आणलं. कापडात गुंडाळलेली जोडी उलगडून चटईवर ठेवली. मग, चार वर्षांत पहिल्यांदा, लेकीच्या हाताकडे हात नेला.

टुकूने हात मागे घेतला.

"संसर्गजन्य नाहीये गं," अनादीबाबू घाईघाईने म्हणाले. "बांकुड्याच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय. कागदसुद्धा आहे. तुला शिसारी येत असेल तर मी हातावर फडकं गुंडाळतो. नाहीतर फटिकला बोलावतो. तो भरेल."

"बाबा, काय बोलताय हे?" टुकूचा चेहरा उतरला. "त्यासाठी नाही मागे घेतला."

"मग?"

ती जोडीकडे बघत राहिली. "छान झालाय," म्हणाली. "पण मला शांखा नको, बाबा. चार बायका जमून दगडाने फोडतील असं काही मला हातात नकोय आता. यांना सांगितलं, ते बरं म्हणाले. तुम्हाला फोनवर सांगायचं धाडस झालं नाही."

अनादीबाबूंनी मान डोलावली. आता बोललं नाही तर पुन्हा कधीच नाही, हे त्यांना कळलं.

"टुकू, तुझ्या पहिल्या शांख्यात..."

"भोक होतं," टुकू म्हणाली.

परातीतल्या पाण्यावर फेस विरत होता. अनादीबाबूंना आपण नीट ऐकलं की नाही तेच समजेना.

"पहिल्याच महिन्यात भांडी घासताना लाख निघाली. सासूबाईंनी पाहिलं असतं तर तुमच्या नावाने सगळं गाव गोळा केलं असतं. मी मेणबत्तीचं मेण भरायचे त्यात. गरम पाण्याने निघायचं, पुन्हा भरायचे. शांखारीची लेक मी, मला काय कळत नव्हतं? काढून तुमच्याकडे आणायला हवा होता. लाजेपायी आणला नाही. मग नीलाद्री गेला." ती थांबली. "घाटावर शांखा एका टोल्यातच त्या भोकापाशी तुटला, आणि मला दुसरं काही सुचेना, एवढंच की बाबांना कळू नये. मी बुजवून घालत राहिले, म्हणून झालं, असं वाटायचं. अजूनही कधी कधी वाटतं."

"तू?" अनादीबाबू म्हणाले. "अगं, तू काय केलंस? मी... चार वर्षं मी..."

ते ढसाढसा रडू लागले, म्हाताऱ्या माणसाने रडू नये तसे, नाक ओढत. चार वर्षं एकाच भोकाला बापाने एका गावात आणि लेकीने दुसऱ्या गावात एकेकट्याने कवटाळून बसावं, आणि फोनवर विचारावं काय, तर जेवलात का!

"मला का नाही बोललीस कधी?"

"तुम्ही कधी जवळ बसलात, बाबा? मी पूजेला यायचे, तुम्ही दाराशी खुर्ची टाकायचात."

बाहेर फटिकचा आवाज येत होता, किंशुकला काहीतरी रंगवून सांगत होता. अनादीबाबूंनी सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले. जोडी पुन्हा कापडात बांधायला घेतली, पण गाठ मारताना बोटं ऐकेनात. परात उचलायला वाकले, तेवढ्यात टुकूने आपला मोकळा हात त्यांच्यासमोर चटईवर ठेवला.

"शांखा नको म्हटलंय," ती म्हणाली. "हात धरू नका असं कुठे म्हटलंय?"

अनादीबाबूंनी तो हात धरला.